दोन रेघांची एक करू नका

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या संगणक-सदरात कमांड लाइनवरचे ऑप्शन (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञेतल्या '--हेल्प'सारख्या सूचना) वाचणाऱ्या लायब्ररीविषयी, म्हणजे प्रोग्रॅमरला आयत्या मिळणाऱ्या कोडविषयी, लेख आला. असल्या विषयावर मराठीत कोणी पान खर्ची घालत नाही, म्हणून आधी आभार. पण उदाहरणांच्या ओळींत 'हेल्प'च्या आधीच्या दोन आखूड रेघा छापताना एकमेकींना चिकटल्या आणि तिथे एकच लांब रेघ उमटली. वाचणाऱ्याला ही किरकोळ मुद्रणदोषासारखी गोष्ट वाटेल. तीच ओळ ई-पेपरवरून उचलून टर्मिनलमध्ये डकवणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

कीबोर्डवर शून्याच्या शेजारी जी कळ आहे, तिच्या रेघेचा यूनिकोड क्रमांक ४५. छपाईतल्या मधल्या रेघेचा ८२११, लांब रेघेचा ८२१२. डोळ्यांना त्या बहिणी-बहिणी दिसतात, पार्सरला, म्हणजे ती ओळ वाचणाऱ्या कोडला, त्यांच्यात काडीचेही नाते दिसत नाही. शब्दाचे पहिले अक्षर ४५ असेल तर तो ऑप्शन, नसेल तर फाइलचे नाव किंवा दुसरे काही, एवढीच त्याची समज. म्हणून '--हेल्प'च्या जागी '—हेल्प' गेले की मदत येत नाही, 'अशी फाइल सापडली नाही' असे उत्तर येते. शिकणारा मग फाइल शोधत बसतो, चूक रेघेत आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

यात एकट्या वर्तमानपत्राचा दोष नाही. वर्ड दोन रेघा टाइप करताच आपण होऊन त्या जोडतो. स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन तयार करणारे साधन साध्या मजकुरातल्या दोन रेघांची मधली रेघ करते, सरळ अवतरणचिन्हे वाकडी करते. ओळ कोड म्हणून खुणावली असेल तरच तिला हात लावत नाही. खुद्द युनिक्सच्या मॅन-पानांतही (टर्मिनलवर वाचायच्या मॅन्युअलमध्येही) हा घोळ जुना आहे: तिथे नुसती रेघ लिहिली तर ती संयोगचिन्ह, म्हणजे ८२०८ क्रमांकाची होऊ शकते. खरी रेघ हवी असेल तर तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन कितीही उत्तम लिहा, छापून येईपर्यंत त्यातली रेघच बदलली तर सगळे मुसळ केरात.

(या पत्रात ऑप्शनची नावे देवनागरीत दिली आहेत ती छपाईच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असतात. का, ते पुढे येईल.)

आता लेखाच्या गाभ्याविषयी. लेखात लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी आहे: नाव, काय घेते, काय परत देते. बडोद्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टांतही 'डॉक्युमेंटेशन' म्हणून बहुधा हीच यादी जोडलेली असते, आणि ती कोडमधल्या शेऱ्यांवरून एखाद्या साधनाने आपोआप काढलेली असते. ती चुकीची नसते, पण अपुरी असते. कारण या जातीच्या लायब्ररीला गिऱ्हाइके दोन. एक, तिला कोडमधून हाक मारणारा प्रोग्रॅमर. दुसरा, तयार प्रोग्रॅम चालवणारा माणूस, ज्याने लायब्ररीचे नावही ऐकलेले नाही. त्याने टाइप केलेली कुठली ओळ चालेल, कुठली नाही आणि कुठली चालल्यासारखी दाखवून भलतेच करील, हे सगळे लायब्ररी ठरवते. डॉक्युमेंटेशनमध्ये नेमके तेच हवे.

गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या काढणारा 'पावती' नावाचा छोटा प्रोग्रॅम धरू. '-र' म्हणजे रक्कम, तिला किंमत लागते. '-छ' म्हणजे छापा, तिला किंमत लागत नाही. लांब नावे '--रक्कम' आणि '--छापा'. खालच्या पाचही ओळींचा अर्थ एकच:

पावती -छ -र ५०१ यादी
पावती -छ -र५०१ यादी
पावती -छर ५०१ यादी
पावती --छापा --रक्कम ५०१ यादी
पावती --छापा --रक्कम=५०१ यादी

आणि ही सहावी बघा:

पावती -रछ ५०१ यादी

इथे अक्षरांची फक्त अदलाबदल झाली आहे. पण '-र'ला किंमत लागते, म्हणून तिला चिकटून आलेले जे काही असेल ती तिची किंमत. रक्कम झाली 'छ', आणि ५०१ झाले यादीच्या फाइलचे नाव. किंमत घेणारे अक्षर जुडग्यात शेवटी यायला हवे, हे एक वाक्य ज्या मॅन्युअलमध्ये नाही ते अर्धवट समजावे. शिवाय 'पावती -र -छ' असे लिहिले, म्हणजे किंमत द्यायची राहिली, तर सी भाषेतले गेटऑप्ट हे ऑप्शन वाचणारे फंक्शन '-छ' हीच रक्कम समजून गिळून टाकते. पायथन भाषेतले त्याच कामाचे आर्गपार्स 'एक किंमत अपेक्षित होती' अशी तक्रार करते. दोन्ही वागणुकींना कारणे आहेत. वापरणाऱ्याला मात्र आपली लायब्ररी कुठल्या घराण्याची, हे कळायला हवे.

घराणी म्हणायचे कारण असे. गेटऑप्ट एटी अँड टीमध्ये १९८०च्या सुमारास तयार झाले आणि १९८५मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एक रेघ, एक अक्षर ही त्याची शिस्त पुढे पोझिक्स या युनिक्सच्या सामाईक प्रमाणात गेली. दोन रेघांची लांब नावे रुळवली ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने. पायथनमध्ये गेटऑप्ट होतेच, २००३मध्ये २.३ आवृत्तीबरोबर ऑप्टपार्स आले, २०१०मध्ये २.७ बरोबर आर्गपार्स. प्रत्येकाने आधीच्याचे बरेचसे घेतले आणि थोडे बदलले, आणि नवख्याचा पाय घसरतो तो या 'थोडे'वर.

क्रमाचेच घ्या. पोझिक्सच्या नियमाने सगळे ऑप्शन आधी, मग फाइलींची नावे, आणि पहिले बिनरेघेचे नाव आले की ऑप्शन शोधणे बंद. ग्नूचे गेटऑप्ट मात्र मधेमधे पेरलेले ऑप्शनही वेचून पुढे आणते. म्हणून 'पावती यादी -छ' लिनक्सवर चालते, आणि तोच कोड (लांब नावांशिवायचे साधे गेटऑप्ट वापरणारा) मॅकवर नेला की '-छ' नावाची फाइल शोधू लागतो. ग्नूलाही पोझिक्ससारखे वागायला लावता येते, त्यासाठी 'पोझिक्सली करेक्ट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग, असते. कोणा एकाच्या मशीनवर ते आधीच लावलेले असते आणि मग 'माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही' हा खेळ सुरू होतो. मॅन्युअलमध्ये दोन ओळी असत्या तर दुपार वाचली असती.

त्यातच नुसत्या दोन रेघांचा ऑप्शन, पुढे काही नाही. तिथून पुढचे सगळे नावच समजायचे, ऑप्शन नाही, अशी ती खूण. डिरेक्टरीत कोणी '-आरएफ' नावाची फाइल करून ठेवली आणि आपण तिथे तारांकन देऊन पुसण्याची कमांड चालवली, तर शेल (टाइप केलेली ओळ चालवणारा प्रोग्रॅम) तारांकनाच्या जागी सगळ्या फाइलींची नावे आधीच पसरतो आणि त्या फाइलचे नाव 'न विचारता, आतल्या डिरेक्टरींसकट पुसा' असा ऑप्शन होऊन बसते. दोन रेघा मध्ये घातल्या किंवा तारांकनाआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली की धोका टळतो. आपली लायब्ररी ही खूण पाळते का, हे लिहिलेच पाहिजे, आणि उदाहरणासकट लिहिले पाहिजे.

ऐच्छिक किंमत हा याहून फसवा प्रकार. ग्नू गेटऑप्टमध्ये अक्षरापुढे दोन अपूर्णविराम, म्हणजे कोलन, दिले तर किंमत दिली तरी चालते, न दिली तरी चालते. पण दिलीच तर चिकटवून द्यायची. मध्ये जागा सोडली की ती किंमत धरत नाही, ते वेगळे नाव होते, आणि कुठलाही इशारा मिळत नाही. लांब नावाला इथे बरोबरचे चिन्ह सक्तीचे. आमचे मत विचाराल तर नव्या प्रोग्रॅममध्ये ऐच्छिक किंमत ठेवूच नये. ठेवलीच तर मॅन्युअलमध्ये ठळक टाइपात सांगावे.

लांब नावांचे आखूड रूपही असेच. ग्नू आणि आर्गपार्स दोघेही '--रक्कम'ऐवजी '--रक्क' चालवून घेतात, दुसरे कोणते नाव तसे सुरू होत नसेल तर. माणूस हाताने टाइप करतो तेव्हा ही सोय वाटते. पण ते आखूड रूप एखाद्या रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी प्रोग्रॅमला '--रक्कमशब्दांत' असा नवा ऑप्शन मिळाला, की 'संदिग्ध ऑप्शन' म्हणून स्क्रिप्ट बंद. आर्गपार्समध्ये ही सोय बंद करण्याची कळ ३.५ आवृत्तीपासून आहे. मात्र ३.८च्या आधी ती बंद केली की '-छर'सारखी जुडगीही बंद पडत. असे तपशील आवृत्तीच्या क्रमांकासह लिहावेत. 'नव्या आवृत्तीत' असे लिहून काही साधत नाही, दोन वर्षांनी ती नवी राहत नाही.

प्रोग्रॅमरसाठीच्या भागात दोन-तीन खड्डे नावानिशी दाखवायला हवेत. गेटऑप्ट संपल्याची खूण म्हणून उणे एक परत देते. ते 'कॅर' या एका अक्षराच्या प्रकारात साठवले तर इंटेलच्या मशीनवर चालून जाते, पण एआरएमवरच्या लिनक्सवर 'कॅर'ला उणे चिन्ह नसते, उणे एकाचे २५५ होतात आणि लूप कधी थांबतच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय आले तेव्हापासून हा खड्डा पुस्तकी राहिलेला नाही. उपाय सोपा, 'इंट' हा पूर्णांकाचा प्रकार वापरा. आर्गपार्समधला खड्डा वेगळा: ऑप्शनचा प्रकार 'बूल' (खरे की खोटे) दिला आणि वापरणाऱ्याने 'फॉल्स' टाइप केले, तर मिळते 'ट्रू', कारण पायथनला रिकामी नसलेली कुठलीही अक्षरमाला खरीच. तिथे 'स्टोअर ट्रू' ही क्रिया वापरावी. हो आणि नाही दोन्ही रूपे हवी असतील तर ३.९पासून 'बूलियन ऑप्शनल ॲक्शन' आहे. आणि मदतीच्या मजकुरात '१०% सूट' असे लिहिले तर टक्क्याचे चिन्ह दोनदा द्यावे लागते. नाहीतर पुष्कळ आवृत्त्यांत प्रोग्रॅम एरवी सुरळीत चालतो आणि नेमका '--हेल्प' मागितल्यावर कोसळतो.

आता देवनागरीचा प्रश्न, जो इंग्रजी मॅन्युअलांत भेटणार नाही आणि म्हणून मराठीत लिहिणाऱ्यानेच लिहायला हवा. सीमधले गेटऑप्ट अक्षरांवर नाही, बाइटवर चालते. 'छ' यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतो, म्हणजे गेटऑप्टच्या हिशेबी ते तीन अनोळखी ऑप्शन. एकाक्षरी ऑप्शन रोमन ठेवण्याचे कारण हे. पायथनमध्ये '-छ' चालतो, पण '-कि' म्हटले की ते दोन चिन्हांचे नाव होते, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते.

किंमत म्हणून देवनागरी अंक दिले तर? पायथनचे 'इंट' ५०१ व्यवस्थित वाचते. सीचे 'एटूआय' हे मजकुराचा आकडा करणारे फंक्शन तीच अक्षरे वाचून शून्य देते, तक्रार न करता. मंडळाच्या देणगीदाराला शून्य रुपयांची पावती! तिथे त्याच कामाचे 'एसटीआरटूएल' वापरून किती अक्षरे वाचली गेली ते तपासावे. इंग्रजी अंकांतला 1,00,000 असा स्वल्पविरामांचा आकडा मात्र दोघांनाही चालत नाही: पायथनचे 'इंट' चूक दाखवते, 'एटूआय' पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून एक रुपया धरते.

मदतीचे रकाने वाकडे होतात त्याचेही कारण हेच. आर्गपार्स मजकुराची लांबी यूनिकोड चिन्हांनी मोजते. पडद्यावर उकार आणि अनुस्वार स्वतःची जागा घेत नाहीत, जोडाक्षरे आक्रसतात, आणि दुसरा रकाना प्रत्येक ओळीत निराळ्या ठिकाणी सुरू होतो. सीमध्ये 'प्रिंटएफ' या छापणाऱ्या फंक्शनला रकान्याची रुंदी दिली तर ती बाइटांत मोजली जाते, तिथे तर तिप्पट घोळ. त्यावर सोपा तोडगा म्हणजे ऑप्शनचे नाव एका ओळीवर आणि मराठी वर्णन खालच्या ओळीवर, ठरावीक जागा सोडून.

आणखी एक बारकावा, अस्सल मराठी. ठरावीक किमतींतूनच निवड करायची असेल तर लायब्ररी अक्षरे तंतोतंत जुळवून पाहते. 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कोणी खास 'ऱ' वापरून त्याला हलंत जोडतो, कोणी साध्या 'र'ला हलंत देऊन अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखे. यूनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एक करणे) केले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. 'दुसऱ्या' हा शब्द दिसतो आहे, तरी 'चुकीची निवड' असे उत्तर येते. असे शब्द निवडीत ठेवू नयेत, ठेवले तर जुळवण्याआधी स्वतः एकरूप करून घ्यावेत, आणि तसे लिहून ठेवावे.

प्रत्येक ऑप्शनच्या नोंदीत काय असावे, हे थोडक्यात सांगता येते: दोन्ही नावे, किंमत लागते की नाही आणि तिचे एकक, न दिल्यास काय धरले जाते, दोनदा दिल्यास शेवटचा चालतो की दोन्ही साठतात, कुठल्या ऑप्शनबरोबर जमत नाही. कॉन्फिग फाइल किंवा एन्व्हायर्नमेंटमधूनही किंमत येत असेल तर कोणाचे वजन जास्त. सर्वसाधारण रिवाज कमांड लाइन सर्वांत वरचढ असा आहे, पण गृहीत धरू नये, लिहावे. पासवर्ड ऑप्शनमधून घेण्याची सोय असेल तर तो 'पीएस' ही चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड चालवणाऱ्या इतरांनाही दिसू शकतो आणि शेलच्या इतिहासात राहतो, हा इशारा त्याच नोंदीत हवा, शेवटच्या पानावर नव्हे.

एक्झिट स्टेटस, म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा, लोक विसरतात. मागितलेली मदत साध्या आउटपुटवर जावी आणि स्टेटस शून्य असावा, हा ग्नूचा नियम. चुकीमुळे दाखवलेली वापरपद्धत एरर आउटपुटवर, आणि स्टेटस शून्याखेरीज. आर्गपार्स दोन देते, बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या रिवाजात चौसष्ट. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला एवढ्यावरच सगळे ठरवायचे असते.

हे सगळे लिहिले तरी महिन्याभरात कोड पुढे जातो आणि मॅन्युअल मागे राहते. त्यावर दोन वाटा आहेत. एक, दोन्हींचा उगम एकच ठेवणे: ग्नूचे हेल्पटूमॅन '--हेल्प'च्या मजकुरावरून मॅन-पान तयार करते, आणि २०१२मध्ये आलेल्या डॉकऑप्टने तर उलटी गंगा वाहवली, मदतीचा मजकूर लिहा, त्यावरून पार्सर बनतो. दुसरी वाट कष्टाची पण खात्रीची: मॅन्युअलमधली प्रत्येक उदाहरणाची ओळ स्क्रिप्टने उचलून खरोखर चालवायची आणि आउटपुट छापलेल्याशी ताडून पाहायचे. पायथनच्या कोडमधल्या उदाहरणांसाठी डॉकटेस्ट आहे. कमांडच्या ओळींसाठी वीस ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. जोडलेल्या रेघेची चूकही हीच स्क्रिप्ट पकडते, प्रूफरीडरच्या नजरेतून ती सुटली तरी.

शब्दांविषयी. लेखात 'पर्याय', 'आर्ग्युमेंट', 'पॅरामीटर' आणि 'स्विच' हे चार शब्द एकाच अर्थाने आले आहेत, आणि एका ठिकाणी 'अनिवार्य पर्याय' असाही प्रयोग आहे. अनिवार्य असेल तर तो पर्याय कसला? आर्गपार्सचे अधिकृत मॅन्युअलही अनिवार्य ऑप्शन शक्यतो टाळा असेच सांगते. रेघेने सुरू होतो तो ऑप्शन, त्याला जोडून येते ती किंमत, उरलेले ते ऑपरंड, असे तीन शब्द पहिल्या परिच्छेदात ठरवून शेवटपर्यंत पाळले तरी पुष्कळ झाले. बडोद्याला हे काम नवे नाही. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषांचे रकाने असलेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' इथेच १९३१मध्ये निघाला. ज्या गावात कचेरीच्या कागदासाठी एवढा खटाटोप झाला, तिथे चार-पाच संगणकी शब्द ठरवायला अडचण नसावी.

आणि लायब्ररी म्हटल्यावर इथल्या माणसाला मांडवीची मध्यवर्ती लायब्ररी आठवणारच. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणले ते नुसती कपाटे भरायला नाही. पुस्तके विषयवार लावायची पद्धत त्यांनी बसवून दिली, कारण वाचक विषय घेऊन येतो, दाखल क्रमांक घेऊन नाही. लायब्ररीच्या मॅन्युअलची सूचीही तशीच हवी. 'पार्स आर्ग्स' या फंक्शनच्या नावाने शोधणारा तिथवर पोचलेलाच असतो. 'उणे आकडा कसा देऊ', 'रेघेने सुरू होणारी फाइल कशी उघडू', 'तोच ऑप्शन दोनदा दिला तर' अशा नोंदी सूचीत असतील तर बाकीच्यांना वाट सापडेल.

आपल्याकडून अपेक्षा दोनच. लेखाची दुरुस्ती छापाल तेव्हा कमांडच्या ओळी सम-रुंदीच्या टाइपात, मजकुरापासून वेगळ्या, आणि पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरची आपोआप दुरुस्ती तेवढ्यापुरती बंद ठेवून लावाव्यात. लांब ओळ कॉलममध्ये मावली नाही तर ती रेघेपाशी तोडू नये, रिकाम्या जागेपाशी तोडावी आणि टोकाला उलटी तिरकी रेघ द्यावी. शेल ती ओळ सलगच वाचतो, मात्र त्या रेघेनंतर एकही रिकामी जागा राहता कामा नये. ई-पेपरवर टाकण्याआधी कोणीतरी त्यातली एक ओळ उचलून टर्मिनलमध्ये चालवून पाहावी. या पत्रातल्या दोन रेघाही छापताना तपासाव्यात, ही विनंती.

आपले,
संगणक शिकवणारे काही वाचक
दांडिया बाजार, बडोदे